बोल कळले पाहिजेत

माझ्या थोरल्या भावाने भिवंडीत यंत्रमागावर पस्तीस वर्षं काम केलं. घरात आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. आता ते घरीच असतात. संध्याकाळी टीव्हीवर जुना सिनेमा लागला की खाटेवरून म्हणायचे, ‘आवाज येतोय रे, पण बोल कळत नाहीत.’ आम्ही आवाज वाढवायचो. मग भाभी कानांवर हात ठेवायच्या, शेजारी भिंतीवर थाप मारायचे, आणि भाईजानची तक्रार तिथल्या तिथेच. ‘ओरडू नका, नीट बोला,’ असं ते टीव्हीतल्या माणसांना सांगायचे.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते स्पीकरविषयी. कविता करणाऱ्या माणसाने यात काय सांगावं, असं कुणाला वाटेल. पण ज्याचा व्यवहारच शब्दांशी, त्याला शब्द समोरच्यापर्यंत पोचतो की नाही याची काळजी असते. भाईजानच्या त्या एका वाक्यापायी मला कानाचं आणि स्पीकरचं थोडं शास्त्र शिकावं लागलं. ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी कानाचं पाहू. आमच्या गावात यंत्रमाग लाखांनी मोजावे लागतात. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि प्रत्येक वेळी लाकडावर लाकूड आपटतं. पत्र्याच्या छपराखाली असे पंचवीस-तीस माग चालू असले की आवाज शंभर डेसिबेलच्या आसपास जातो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी नव्वद डेसिबेलची मर्यादा आहे. नव्वद आणि शंभर यांत फारसा फरक वाटत नाही, पण डेसिबेलचं गणित वेगळं असतं. दहा डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाव बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास बसतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. आता गंमत पाहा. आपल्या बोलण्यातल्या आ, ओ, ऊ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत, साधारण एक हजार हर्ट्झच्या खाली असतो. आवाज मोठा वाटतो तो या स्वरांमुळे. पण स, श, ख, थ, फ या व्यंजनांची ओळख पटते ती दोन हजारांच्या वरच्या भागात. मागवाल्याच्या कानाला स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं निसटतात. ‘सात’, ‘हात’, ‘खात’ त्याला एकसारखेच वाटतात. म्हणजे भाईजान शब्दशः खरं बोलत होते. आवाज येत होता, बोल कळत नव्हते.

माझा पुतण्या उद्योगी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याला कुणाच्या तरी होम थिएटरमधून निघालेला एक जुना सेंटर स्पीकर आणि अँप्लिफायर मिळाला. सेंटर म्हणजे मधला स्पीकर. एक आडवी लांबट पेटी, दोन्ही टोकांना एकेक मध्यम आकाराचा वूफर आणि दोघांच्या मधोमध बारीक आवाजासाठी छोटा ट्वीटर. टीव्हीच्या खाली बसावी म्हणून ती आडवी केलेली. जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीचे रंग लोहचुंबकाने बिघडत, म्हणून त्या काळच्या अशा पेट्यांतल्या चुंबकांना आवरण घातलेलं असे. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात संवाद बहुतेक करून या मधल्या वाटेवर ठेवतात, आणि संगीत व इतर आवाज डावी-उजवीकडे. पुतण्याने तो टीव्हीखाली ठेवला, जोडला, आणि दहा मिनिटांत भाईजान उठून बसले. म्हणाले, ‘आता हा माणूस नीट बोलतोय.’

पुढची मागणी ठरलेलीच होती. ‘गाणीसुद्धा यातूनच लाव.’ पुतण्याने विचार केला, एका स्पीकरने एवढं होतं तर दोन आणले की झकास स्टीरिओ होईल. त्याने तोच मॉडेल शोधून जोडीदार आणला. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना दोन कपाटं होती, त्यांवर दोघांना आडवं ठेवलं. आणि भाईजान खाटेवरून पुन्हा म्हणाले, ‘आवाज येतोय, पण...’

असं का झालं, हे समजून घेण्यासाठी थोडं मागे जाऊ. दोन स्पीकरची कल्पना अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनियरची. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. तो पत्नीसोबत सिनेमाला गेला होता. नट पडद्याच्या एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं. १९३१ च्या डिसेंबरमध्ये त्याने आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो ज्या ईएमआय कंपनीत होता, तिच्याच घराण्यातला आपल्या रेकॉर्डींवरचा तो भोंग्यासमोर बसलेला कुत्रा. पुढे १९४२ मध्ये, रडारच्या चाचणीत असताना विमान कोसळून तो अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी वेगळा प्रयोग केला. १९३३ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि वॉशिंग्टनच्या सभागृहातले लोक तो तारेवरून ऐकत होते. तिथे स्पीकर दोन नव्हते, तीन होते. डावा, उजवा आणि मधला. मोठ्या सभागृहात दोनच स्पीकर ठेवले तर कडेला बसलेल्यांना सगळं जवळच्याच बाजूने ऐकू येतं. मधला असला की मध्य मध्यावर राहतो. सिनेमागृहांनी हा मधला स्पीकर कायम ठेवला. घरात मात्र तो आला नाही, आणि याचं मुख्य कारण रेकॉर्ड. १९५७-५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांच्या खाचेला दोन भिंती. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. तिसऱ्याला जागाच नव्हती.

दोन स्पीकरच्या स्टीरिओमध्ये गायक मधोमध उभा आहेसा वाटतो, पण तिथे कुणी नसतं. दोन्हीकडून सारखाच आवाज आला की मेंदू तो मधला समजतो. हा भास सुंदर असतो, पण त्याला दोन अटी आहेत. एक, तुम्ही दोघांपासून सारख्याच अंतरावर बसलेले हवे. भाईजानची खाट खिडकीशी, एका बाजूला. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. डावा स्पीकर फक्त डाव्या कानाला ऐकू येत नाही, दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात. डाव्या कानात डाव्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि उजव्याचा डोक्याला वळसा घालून साधारण सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतका उशिरा. दोन हजार हर्ट्झच्या लहरीसाठी हे बरोबर अर्धं कंपन होतं. एक लहर वर जात असताना दुसरी खाली येते आणि दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. म्हणजे व्यंजनांच्या पट्टीच्या उंबरठ्यावरच थोडी गळती. धडधाकट कान ती सहज भरून काढतो. मागाने झिजलेल्या कानाला ती जाणवते.

तिसरी चूक आमचीच होती, पेट्या आडव्या ठेवण्याची. आडव्या पेटीतले दोन वूफर एकच आवाज देतात. समोर बसलं की दोघांचं अंतर सारखं, म्हणून आवाज मिळून येतो. पण बाजूला सरकलं की एक वूफर जवळ, दुसरा लांब. दोघांच्या मध्यबिंदूंत अठ्ठावीस सेंटिमीटर अंतर असलं आणि तुम्ही तीस अंश बाजूला असलात, तर दोन आवाजांच्या वाटेत चौदा सेंटिमीटरचा फरक पडतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने बाराशे हर्ट्झच्या आसपास पुन्हा तीच मारामारी होते, आणि ती ऐन माणसाच्या गळ्याच्या पट्टीत.

उपाय सोपा निघाला. पेट्या उभ्या करायच्या. उभ्या केल्या की वूफर एकाखाली एक येतात, आणि तुम्ही डावी-उजवीकडे कुठेही बसा, दोघांचं अंतर जवळजवळ सारखंच राहतं. फरक पडतो तो उठून उभं राहिल्यावर, आणि गाणं काही कुणी उभ्याने ऐकत नाही. मात्र हे दोन वूफर आणि मध्ये ट्वीटर अशाच पेटीला लागू. काही पेट्यांत मधोमध ट्वीटर आणि मध्यम स्पीकर एकावर एक बसवलेले असतात. त्या आडव्या ठेवण्यासाठीच आखलेल्या आहेत, त्यांना उभं करू नये.

कुणाला अशी जोडी करायची असेल तर आमच्या चुकांवरून काही गोष्टी सांगतो. दोन्ही एकाच मॉडेलचे असावेत, नाहीतर गायक मध्यावर ठरत नाही. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हावा. अँप्लिफायरला किती ओहमचा स्पीकर चालतो ते पेटीमागच्या पट्टीवर पाहून घ्यावं. लाल-काळ्या तारा दोन्हीकडे सारख्या जोडाव्यात. एकीकडे उलट झाल्या तर ठेका पातळ होतो आणि गायकाचा आवाज खोलीभर विरतो. आणि या पेट्यांकडून फार खोल आवाजाची अपेक्षा ठेवू नये. त्या बोलण्यासाठी केलेल्या आहेत. डग्ग्याची घुमक थोडी कमी पडते. भिंतीजवळ ठेवल्यावर ती जरा भरते, पण पेटीला मागून भोक असेल तर भिंत आणि पेटी यांत थोडी जागा सोडावी. ज्याला ढोल-ताशाच हवा, त्याने वेगळा सबवूफर घ्यावा.

पेट्या उभ्या केल्या, खुर्ची मध्यावर मांडली. पुतण्या खूश झाला. नवी गाणी त्यातून खरोखर छान वाजतात. भाईजान पाच मिनिटं खुर्चीत बसले, चांगलं आहे म्हणाले, आणि पुन्हा खाटेवर गेले. माणूस स्पीकरच्या सोयीने किती वेळ बसणार?

तेव्हा मला सुचलं की भाईजान ऐकतात ती गाणी कुठली? १९५० आणि ६० च्या दशकांतली. तो बहुतेक सगळा खजिना मोनो आहे, म्हणजे एकाच वाटेवर मुद्रित केलेला. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा महाराष्ट्राने ते एका भोंग्यातून ऐकलं. ‘शोले’ने १९७५ मध्ये सत्तर एमएमच्या पडद्यावर स्टीरिओफोनिक आवाज दाखवला, पण त्यासाठी मोठं थिएटर गाठावं लागे. घरी रेडिओ एकच आवाज देत होता. मोनो गाण्याच्या डाव्या आणि उजव्या वाटेवर एकच मजकूर असतो. मग त्यासाठी दोन स्पीकर आणि मधला भास हवा कशाला?

आम्ही अँप्लिफायरचं बॅलन्सचं बटण पूर्ण एका बाजूला फिरवलं आणि तो एक स्पीकर उभाच, खाटेसमोर आणला. अंतर कमी झालं, दोन स्पीकरची आपसातली मारामारी संपली. भाईजान म्हणाले, ‘आवाज कमी कर, जास्त होतोय.’ कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. नव्या, स्टीरिओ गाण्यांना मात्र ही युक्ती चालत नाही, अर्धी वाद्यं गायब होतात. तिथे अँप्लिफायरवर ‘मोनो’चं बटण असेल तर ते दाबावं, म्हणजे दोन्ही वाटा एकत्र होतात. एकच स्पीकर वाजवायचा असला तरी मग काही हरवत नाही.

श्रोतेहो, स्पीकर हा कानाचा इलाज नाही, हेही सांगायला हवं. त्याच आठवड्यात आम्ही भाईजानना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. श्रवणाचा आलेख काढला, चार हजारांच्या जागी रेघ खोल खाली गेलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण यंत्राने बोलणं सोपं होईल. हे वीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. मागावर आज जी पोरं उभी आहेत, त्यांच्या कानात स्वस्तातले फोमचे बोळे बसवले तरी त्यांचा कान वाचू शकतो. मालकांनी ते द्यावेत, कामगारांनी लाज न बाळगता घालावेत. आणि घरातलं वडीलधारं माणूस ‘आवाज येतोय पण बोल कळत नाहीत’ म्हणालं, तर रिमोटकडे हात नेण्याआधी त्याचा कान तपासून घ्यावा.

दुसरा स्पीकर पुतण्या स्वतःच्या खोलीत घेऊन गेला. पहिला खाटेसमोर आहे. परवा मी माझी एक नवी कविता भाईजानना वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर त्यांनी तिसऱ्या ओळीतला एक शब्द बदलायला सांगितला. मी बदलला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)