नावे तीच, संघ मात्र वेगळा
नॉर्थ कॅरोलायनाची घसरण आणि महाविद्यालयीन बास्केटबॉलचे बदलते गणित

अमेरिकेत मार्च महिना महाविद्यालयीन बास्केटबॉलचा मानला जातो. देशभरातील साडेतीनशेहून अधिक संघांतून ६८ संघ निवडले जातात आणि एका पराभवाने बाद करणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत ते तीन आठवडे झुंजतात. १२ मार्च २०२३ रोजी ही यादी जाहीर झाली, तेव्हा तिच्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे नाव नव्हते. मोसम सुरू होण्यापूर्वी याच संघाला देशात पहिले मानांकन देण्यात आले होते. स्पर्धा १९८५ मध्ये ६४ संघांची झाली. तेव्हापासून मोसमपूर्व अव्वल मानांकित संघ स्पर्धेबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती. दुय्यम समजल्या जाणाऱ्या 'एनआयटी' स्पर्धेत न खेळण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला आणि मोसम तिथेच संपला.

चॅपेल हिल येथील या विद्यापीठाचा बास्केटबॉलमधील दबदबा मोठा आहे. १९५७ ते २०१७ या काळात त्याने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. डीन स्मिथ यांच्यासारखा प्रशिक्षक येथे ३६ वर्षे नांदला आणि १९८२ च्या अंतिम सामन्यात निर्णायक बास्केट करणारा मायकल जॉर्डन येथूनच पुढे आला. अशा घराण्याची २०-१३ ही मोसमअखेरची कामगिरी दुसऱ्या एखाद्या संघाला समाधानकारक वाटली असती. येथे मात्र ती नामुष्की ठरली.

अपेक्षांचा डोंगर

या अपेक्षा निराधार नव्हत्या. तीन विजेतेपदे मिळवून देणारे रॉय विल्यम्स २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांचे सहायक ह्युबर्ट डेव्हिस यांच्याकडे सूत्रे आली. पहिल्याच मोसमात डेव्हिस यांचा संघ फेब्रुवारीपर्यंत चाचपडत होता. त्यानंतर त्याला अचानक सूर गवसला. मार्च २०२२ मध्ये या संघाने कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूकला त्यांच्याच मैदानावर, प्रशिक्षक माइक शिशेव्स्की यांच्या निरोपाच्या घरच्या सामन्यात ९४-८१ असे हरवले. पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीतही ड्यूकला ८१-७७ असे नमवून शिशेव्स्की यांच्या कारकिर्दीवर पडदा टाकला. कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला ४०-२५ अशी आघाडी होती. हातातोंडाशी आलेला तो घास ७२-६९ अशा फरकाने निसटला.

त्या संघातील पाचपैकी चार प्रमुख खेळाडू पुढील मोसमासाठी परतले. उंचापुरा अर्मांडो बेकॉट, चेंडू खेळवणारे केलेब लव्ह व आर. जे. डेव्हिस आणि बचावात तरबेज असलेला लीकी ब्लॅक हे ते चौघे. उपविजेत्या संघातील चार जण परत येणार म्हटल्यावर मानांकन ठरवणाऱ्यांनी या संघाला पहिले स्थान दिले, यात नवल नव्हते. नजर गेली नाही ती न परतलेल्या पाचव्या खेळाडूकडे.

पाचव्याची अनुपस्थिती

ब्रेडी मॅनेक हा सहा फूट नऊ इंच उंचीचा आघाडीपटू. २०२१-२२ च्या मोसमात त्याने तीन गुणांच्या फेकींपैकी ४० टक्के यशस्वी केल्या. त्याच्या गुणांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोल होते ते त्याच्या उभे राहण्याच्या जागेला. एवढा उंच खेळाडू दूरवरून अचूक फेक करतो म्हटल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या एका उंच बचावपटूला बास्केटपासून दूर यावेच लागते. त्यामुळे आत बेकॉटला एकास एक झुंज मिळत असे आणि लव्ह व आर. जे. यांना आत मुसंडी मारायला वाट मोकळी राहत असे.

त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पीट नॅन्स आला. तो गुणी होता, पण दूरच्या फेकीत मॅनेकइतका धोकादायक नव्हता. प्रतिस्पर्ध्यांनी हे लवकरच हेरले. बचाव बास्केटभोवती आक्रसू लागला, बेकॉटला दोघे-तिघे घेरू लागले आणि बाहेरून फेक करण्याचे जणू आव्हानच संघाला मिळू लागले. ते त्याला पेलले नाही. आदल्या मोसमात तीन गुणांच्या सुमारे ३६ टक्के फेकी यशस्वी करणारा हा संघ सुमारे ३१ टक्क्यांवर घसरला. लव्हचे प्रमाण ३६ वरून ३० टक्क्यांच्या खाली आले. ह्युबर्ट डेव्हिस हे खेळाडू म्हणून एनबीएमध्ये याच दूरच्या फेकीसाठी नावाजलेले होते. त्यांच्या संघाला नेमकी हीच कला साधू नये, हा दैवदुर्विलासच.

घसरण नोव्हेंबरमध्येच सुरू झाली. पहिले पाच सामने जिंकल्यानंतर पोर्टलंड येथे आयोवा स्टेटने या संघाला हरवले. दोन दिवसांनी अलाबामाविरुद्धचा सामना चार वेळा जादा वेळेत गेला आणि १०३-१०१ असा निसटला. त्यानंतर इंडियाना आणि व्हर्जिनिया टेक यांच्याकडूनही पराभव झाला. व्हर्जिनिया टेकविरुद्ध बेकॉट जखमी असल्याने खेळू शकला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा अव्वल संघ पहिल्या पंचविसांतूनही बाहेर फेकला गेला. पुढे ड्यूकविरुद्धच्या दोन्ही साखळी सामन्यांत त्याला प्रत्येकी केवळ ५७ गुण करता आले.

वीस विजय का पुरले नाहीत?

वीस सामने जिंकूनही प्रवेश का नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर निवड पद्धतीत आहे. त्या वर्षी ३२ विभागीय स्पर्धांच्या विजेत्यांना थेट प्रवेश होता. उरलेल्या ३६ जागा निवड समितीने भरल्या. समिती विजयांची केवळ संख्या पाहत नाही, ते कोणाविरुद्ध आणि कोठे मिळवले हेही पाहते. त्यासाठी सामन्यांचे चार गट पाडले जातात. घरच्या मैदानावर पहिल्या ३० क्रमांकांतील, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधील किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधील संघाशी झालेला सामना सर्वांत वरच्या गटात मोडतो. या गटातील दहा सामन्यांपैकी नॉर्थ कॅरोलायनाने एकच जिंकला. फेब्रुवारीअखेरीस घरच्या मैदानावर व्हर्जिनियाला ७१-६३ असे हरवले, तोच हा विजय. विभागीय स्पर्धेत त्याच व्हर्जिनियाने ६८-५९ असा विजय मिळवून परतफेड केली आणि उरलीसुरली आशाही संपली.

एका उन्हाळ्यात नवा डाव

पूर्वी असा मोसम गेला की प्रशिक्षकाला शालेय खेळाडू हेरून दोन-तीन वर्षे संघ घडवावा लागे. २०२१ पासून हे चित्र पालटले. त्या वर्षी खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. स्वतःचे नाव व प्रतिमा वापरून जाहिरातींतून कमाई करण्यावरील बंदीही त्याच वर्षी उठली. एप्रिल २०२४ मध्ये विद्यापीठ किती वेळा बदलावे यावरील मर्यादाही गेली. अभ्यासात पात्र असणे एवढीच अट राहिली.

या मोकळिकीचा पहिला लाभ नॉर्थ कॅरोलायनालाच झाला. २०२३ च्या उन्हाळ्यात लव्ह ॲरिझोनाला गेला. स्टॅनफर्डहून हॅरिसन इन्ग्रॅम आणि नोत्र दामहून कॉर्मॅक रायन आले. बेकॉट आणि आर. जे. थांबले. चेंडूची सूत्रे अधिक प्रमाणात हाती येताच आर. जे.चा खेळ बहरला. सरासरी २१ गुण नोंदवून तो विभागातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. संघाने विभागीय साखळीत २० पैकी १७ सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन मिळवले. तेथे अलाबामाने त्याला शेवटच्या सोळांच्या फेरीत ८९-८७ असे रोखले. विशेष म्हणजे ज्याच्या जाण्याने चॅपेल हिलची घडी बसली, तो लव्हही ॲरिझोनात आपल्या विभागाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. दोष खेळाडूंत नव्हता, जोडणीत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

परंतु एका उन्हाळ्यात उभारलेली घडी एका उन्हाळ्यात विस्कटतेही. बेकॉट, इन्ग्रॅम आणि रायन गेल्यावर बास्केटखालची उंच खेळाडूची जागा नीट भरली गेली नाही. २०२४-२५ मध्ये वरच्या गटातील तेरा सामन्यांपैकी केवळ एक जिंकून संघ कसाबसा स्पर्धेत शिरला आणि मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात मिसिसिपीकडून हरला. त्यानंतर एलियट कडो मिशिगनला आणि इयन जॅक्सन सेंट जॉन्सला निघून गेले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट मोबदला देऊ लागली. व्यावसायिक संघांप्रमाणे महाव्यवस्थापक नेमण्याची वेळही नॉर्थ कॅरोलायनावर त्याच वर्षी आली.

अशा काळात मातब्बर घराण्याचे भवितव्य परंपरेवर किंवा परतणाऱ्या नावांच्या गणतीवर ठरणार नाही. पैसा आणि प्रतिष्ठा यांच्या जोरावर गुणवान खेळाडू दरवर्षी मिळतील. प्रश्न उरेल तो कोणता खेळाडू कोणासाठी जागा मोकळी करतो, हे ओळखण्याचा. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाकडे चार सिद्ध खेळाडू होते आणि पाचव्याने घडवलेली रचना नव्हती. या नव्या बाजारात पाचवा खेळाडू विकत घेता येतो. त्याची नेमकी गरज ओळखणारी दृष्टी मात्र संघाला स्वतःच कमवावी लागते.