पेटींतील पेटी आणि शोधाची रीत

घरांतील मोठी ट्रंक उघडून वरवर पाहावें आणि “अंगठी हिच्यांत नाहीं” असें म्हणावें, तर आजी लगेच विचारील, “आंतले डबे उघडलेस का?” संकेतस्थळांसाठीं वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेंत शोध घेतांना हाच प्रश्न उभा राहतो, म्हणून त्याविषयीं येथें चार शब्द लिहीत आहों.

ही भाषा १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं निर्माण केली. तींत अनेक मूल्यें क्रमानें ठेवणाऱ्या यादीस ‘अ‍ॅरे’ म्हणतात, व एका अ‍ॅरेच्या पोटांत दुसरी अ‍ॅरेहि ठेवितां येते. समजा, एका शाळेच्या अ‍ॅरेंत इयत्तांच्या अ‍ॅरे आहेत, इयत्तेंत तुकड्यांच्या, आणि तुकडींत मुलांचीं नांवें. आपणांस ‘सुमन’ हें नांव शोधावयाचें आहे.

२०१६ सालापासून या भाषेंत ‘इन्क्लूड्स’ नांवाची सोय आहे. तिला विचारतांच उत्तर येतें, ‘फॉल्स’, म्हणजे नाहीं! ती फक्त बाहेरच्या यादींतील घटकांशीं तुलना करिते, आणि ते घटक म्हणजे इयत्तांच्या बंद पेट्या. चूक झाल्याची सूचनाहि मिळत नाहीं. शाळेंत असलेली मुलगी मात्र नाहींशी ठरते.

२०१९ सालीं ‘फ्लॅट’ ही सोय आली. ती पेट्या उघडून आंतील घटक एका ओळींत मांडते. परंतु मुद्दाम न सांगितल्यास ती एकच थर उघडते. सर्व थरांसाठीं ‘इन्फिनिटी’ असें सांगावें लागतें. शिवाय नांव सांपडलें तरी तुकडी कळत नाहीं.

तेव्हां पुनरावर्तनाची रीत उत्तम. प्रत्येक घटक पाहावा. तो अ‍ॅरे असल्यास तिच्यावर हीच कृति पुन्हां करावी, नसल्यास तुलना करावी, आणि आंत उतरतांना प्रत्येक पायरीचा क्रमांक टिपावा. मोजणी शून्यापासून होते; म्हणून १, ०, ४ असा माग मिळाला, तर दुसरी इयत्ता, पहिली तुकडी, पांचवें नांव असें समजावें.

येथें नवशिके एक चूक वारंवार करितात. पहिल्या पेटींत वस्तु न मिळतांच ते “नाहीं” म्हणून परततात. एका पेटींतील ‘नाहीं’ हें साऱ्या ट्रंकेचें ‘नाहीं’ नव्हे. सांपडल्यास तत्काळ थांबावें. परंतु ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार शेवटची पेटी उघडल्यावरच प्राप्त होतो, हें आमच्या बालमित्रांनीं ध्यानांत ठेवावें.