जुन्या पद्मिनीचा वायपर बिघडला? मोटर बदलण्याआधी हे तपासा

बीड : कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमिअर पद्मिनी बाहेर पडणं २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईत तर ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून हटली. पण घरची गाडी म्हणून हौसेनं जपलेल्या पद्मिनी आजही दिसतात. पाऊस सुरू झाला की त्यांचं पहिलं दुखणं वर येतं ते वायपरचं.

आपल्याकडे वायपर वापरून कमी आणि उन्हानं जास्त खराब होतात. महिनोन् महिने काचेला चिकटून तापलेलं रबर कडक होतं, त्यात धूळ बसते. पहिल्या सरीत बटण दाबलं की हेच रबर काचेवर पॉलिश पेपरसारखं घासतं. म्हणून आधी काच धुवा, मग वायपर लावा.

नेमकं काय बिघडलंय?

काचेवर पाण्याच्या रेघा राहत असतील तर बहुधा फक्त रबर गेलंय. पातं थडथडत उड्या मारत असेल तर आर्म वाकलाय किंवा त्याची स्प्रिंग ढिली पडलीय. मोटरचा आवाज येतो, पण एकच पातं फिरतं? मग बंद पडलेल्या बाजूच्या स्पिंडलचे दाते झिजलेत किंवा आतली दांडी सुटलीय. दोन्ही पाती रडतखडत फिरत असतील तर अनेकदा ग्रीस वाळलेलं असतं किंवा अर्थिंगची वायर गंजलेली असते. अशा वेळी थेट मोटर बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला ‘आधी ग्रीस करून बघा’ म्हणायला लाजू नका.

मोटरचं गोल फिरणं पात्याच्या डावी-उजवीकडे जाण्यात बदलणारी ही दांड्यांची जोडणी म्हणजे इंजिनीअरिंगच्या पुस्तकातलं फोर-बार लिंकेज. पुस्तकात ते कंटाळवाणं वाटतं. डॅशबोर्डखाली डोकं घालून पाहिलं की लगेच कळतं.

बदलताना काय सांभाळायचं?

काढण्याआधी पाती खालच्या जागेवर आणा आणि तिथे काचेवर चिकटपट्टी लावून खूण करा. नवा आर्म त्याच खुणेवर बसवायचा. नट गंजला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून थोडं थांबा. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं तर स्पिंडल वाकू शकतो. पातं काढल्यावर उघड्या आर्मखाली जाड फडकं ठेवा. आर्म सुटून आपटला तर काच तडकते, आणि पद्मिनीची काच मिळवणं वायपरपेक्षा कितीतरी अवघड.

आजच्या गाड्यांची हुकवाली पाती जुन्या आर्मला बसतीलच असं नाही. जुनं पातं सोबत घेऊनच दुकानात जा. लांब पातं घेतलं तर ते काचेच्या रबरी बीडिंगला अडतं. पात्याची पट्टी शाबूत असेल तर नुसतं रबर मापात कापून बसवता येतं, खर्चही वाचतो. आर्म किंवा स्पिंडल गावात मिळाला नाही तर जुन्या पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ नुसार चालू वायपर बंधनकारक आहे. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि त्यासाठी बीड (एमएच २३) किंवा अंबाजोगाईच्या (एमएच ४४) आरटीओत गाडी दाखवावी लागते. तपासणीची तारीख दिवाळीनंतरची असली, तरी मांजरसुंब्याचा घाट रात्रीच्या पावसात उतरायचा असेल तर हे काम मे महिन्यातच उरका.