लांब दिवसाचा सण

मंडळी, प्रत्येक सण कशाचा तरी असतो. पोळा बैलांचा असतो. पंचमी नागोबाची असते. युरोप खंडात पार उत्तरेला स्वीडन नावाचा देश आहे. तिथल्या लोकांचा एक मोठा सण आहे, तो उजेडाचा. त्याला ते 'मिडसोम्मार' म्हणतात. म्हणजे भर उन्हाळा.

तुम्ही म्हणाल, उजेडाचा कसला सण? उजेड तर रोजचाच! आपल्याकडे रोजचा, पण तिकडे तसे नाही.

पुण्याला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा होतो. दुपारी तीनच्या सुमारास दिवे लावावे लागतात. जूनमध्ये तोच दिवस साडेअठरा तासांचा होतो. आणखी उत्तरेला किरुना गाव आहे. तिथे उन्हाळ्यात सुमारे दीड महिना सूर्य मावळतच नाही. मध्यरात्रीसुद्धा ऊन असते!

असे का होते? एका मोसंब्यात काडी खुपसा. काडी जरा कलती धरून, तिचे वरचे टोक कंदिलाकडे करा आणि मोसंबे फिरवा. वरचा भाग उजेडातच राहतो. आपली पृथ्वीही अशीच कलून फिरते. जूनमध्ये तिचा उत्तरेकडचा भाग सूर्याकडे कललेला असतो, म्हणून तिकडे दिवस मोठा. डिसेंबरात तोच भाग सूर्यापासून दूर कलतो, म्हणून तिकडे रात्र मोठी.

आता सण कसा करतात ते बघू. पूर्वी तो ठरलेल्या तारखेला, 23 आणि 24 जूनला येई. 1953 सालापासून तो आठवड्याच्या शेवटी नेला. आता 19 ते 25 जूनमध्ये जो शुक्रवार येईल, त्या दिवशी खरी धामधूम असते. शहरे ओस पडतात. लोक खेड्यांत नाहीतर तळ्याकाठी जातात.

एक उंच खांब पानाफुलांनी मढवतात. तो सगळे मिळून मैदानात उभा करतात. बायका, मुली डोक्यात फुलांचे मुकुट घालतात. व्हायोलिन वाजू लागते आणि माणसे हात धरून खांबाभोवती फेर धरतात. एका नाचात तर बेडकासारख्या उड्या मारायच्या असतात. नातवाबरोबर आजोबाही उड्या मारतात. कुणी लाजत नाही.

जेवणात हेरिंग नावाचा मुरवलेला मासा, शेपू घालून उकडलेले नवे बटाटे आणि आंबट साय असते. शेवटी स्ट्रॉबेरी. रात्री मुली न बोलता सात जातींची फुले तोडतात आणि उशाखाली ठेवतात. स्वप्नात होणारा नवरा दिसतो अशी जुनी समजूत. आता बहुतेक जणी हे गंमत म्हणून करतात.

या सणाला एक वाईट बाजूही आहे. त्या दिवशी दारू फार चालते. कडक दारू तिथे मुख्यतः सरकारी दुकानात विकत मिळते आणि ही दुकाने त्या शुक्रवारी बंद असतात. पण लोक आधीच आणून ठेवतात. मग कुणी पिऊन होडीत बसतो, कुणी पोहायला उतरतो आणि जिवाला मुकतो. एवढा उजेड असून डोळ्यांवर अंधार! हे घेण्यासारखे नाही.

घेण्यासारखे आहे ते दुसरेच. या सणानंतर दिवस पुन्हा लहान होऊ लागतो, हे त्या लोकांना ठाऊक असते. म्हणून ते घरात बसून राहत नाहीत. ज्याची वाण, त्याचे मोल. आपण पहिल्या पावसाची वाट बघतो, तशी ते उन्हाची बघतात.

आता एक काम करा. घरातल्या कॅलेंडरात सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. 21 जून आणि 22 डिसेंबर या दिवसांच्या वेळा शोधा. त्या वहीत लिहा आणि वजाबाकी करा. आपल्या गावचा दिवस किती वाढतो आणि किती घटतो, ते आता तुमचे तुम्हांलाच काढता येईल. कुणाला विचारायला नको.