स्पॉयलर उंच करताना आटे का जातात?
होंडा सिव्हिक टाइप आरसारख्या गाड्यांचा मागचा स्पॉयलर उंच दिसावा म्हणून त्याच्या पायांखाली रायझर, म्हणजे ठोकळे, बसवतात. काम सोपं वाटतं, पण घात होतो तो पहिल्याच फेऱ्यात. बोल्ट तिरका शिरला आणि पाना लावला की आटे गेलेच. अनेक स्पॉयलरमध्ये हे आटे प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या धातूच्या नळीत असतात. नळीच गरगर फिरू लागली, तर बोल्ट ना आवळतो, ना निघतो.

म्हणून बोल्ट आधी हाताने हलकेच उलटा फिरवा. बारीक ‘टक्’ जाणवलं की तिथून सुलटा. एम ६ जाडीचा साधा बोल्ट दर फेऱ्याला १ मिलिमीटर आत जातो. पहिले चार-पाच फेरे बोटांनीच द्या. अडला तर काढून पुन्हा लावा. सगळे बोल्ट असे धरल्यावरच पाना घ्या. इम्पॅक्ट गन पेटीतच बरी.