पापणी न लवता हुकलेलं

समोर संगणकाचा पडदा आहे. मधोमध, एकाच जागी, अक्षरं येतात आणि जातात. क, ट, म, ब... सेकंदाला साधारण दहा. एक पुसलं जातं न जातं तोच त्याच जागी दुसरं हजर. या लोंढ्यात दोन आकडे लपलेले आहेत आणि शेवटी ते कोणते, एवढंच सांगायचं आहे. वेग पाहून घाबरायला होतं, पण पहिला आकडा बहुतेकांना बिनचूक सापडतो. दुसराही सापडतो, तो पाऊण-एक सेकंद उशिरा आला तर. मात्र तो पहिल्यानंतर पाव-अर्ध्या सेकंदात आला, की पुष्कळदा हुकतो. आणि हुकतो म्हणजे पुसट दिसतो असं नव्हे. दुसरा आकडा आलाच नव्हता, असं माणसं खुशाल सांगतात.

डोळे उघडे होते. पापणी लवली नव्हती. नजर जागची हललीही नव्हती, कारण सगळं एकाच ठिकाणी घडत होतं.

१९९२ साली कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जेन रेमंड, किमरॉन शपिरो आणि कॅरन आर्नेल यांनी या प्रकाराला 'अटेन्शनल ब्लिंक' असं नाव दिलं. आपण त्याला अवधानाची उघडझाप म्हणू. त्यांच्या प्रयोगात काळ्या अक्षरांच्या रांगेत एकच अक्षर पांढरं असे. ते कोणतं ते ओळखायचं आणि त्यानंतर काळा 'एक्स' येऊन गेला का, तेही सांगायचं. पांढऱ्या अक्षरानंतर सुमारे १८० ते ४५० मिलिसेकंदांत आलेला एक्स निम्म्याच्या आसपास वेळा निसटत होता. मग त्यांनी फक्त सूचना बदलली. पांढऱ्या अक्षराकडे लक्षच देऊ नका, एक्स तेवढा बघा. अक्षरं तीच, वेग तोच, आणि आता एक्स जवळजवळ दर वेळी दिसू लागला! म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता आणि वेगाचाही नव्हता. पहिली गोष्ट पकडली, याचीच ती किंमत होती.

याहून चक्रावणारी गोष्ट अशी, की दुसरं लक्ष्य पहिल्याच्या अगदी पाठीला पाठ लावून, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आलं, तर ते बहुधा वाचतं. हुकतात ती त्याच्या मागची. लिफ्टच्या दारात असंच होतं: पहिला माणूस आत शिरतो, त्याच्या पाठोपाठ घुसणाराही आत जातो, आणि दार लागतं ते तिसऱ्याच्या नाकावर. अशा वेळी दोन्ही लक्ष्यं बरोबर सांगणारे लोक क्रम मात्र वारंवार उलटा सांगतात. आत दोघं आहेत हे पक्कं असतं, आधी कोण शिरलं याचा पत्ता नसतो.

मग बाहेर राहिलेल्याचं काय होतं? तो पडद्यावरून पुसला जातो तसा मेंदूतूनही पुसला जात असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. तसं होत नाही. हे कसं कळलं, त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवून दिलं होतं, की वाक्यात विसंगत शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत एक ठरावीक खळगा उमटतो. 'चहात दोन चमचे वाळू घातली' असं वाचलंत, तर 'वाळू'पाशी तो तुमच्याही डोक्यात उमटेल. अर्थ लागल्याशिवाय विसंगती कळत नाही, त्यामुळे ही लहर म्हणजे शब्द वाचला गेल्याची पावतीच. १९९६ मध्ये स्टीव्हन लक, एडवर्ड व्होगेल आणि शपिरो यांनी हा खळगा उघडझापेच्या ऐन काळात शोधला. माणसं शब्दाबाबत चुकत होती, पण लहर जशीच्या तशी, पूर्ण ताकदीची होती. मेंदूने शब्द वाचला होता, त्याचा अर्थ लावला होता, तो आधीच्या शब्दाशी जुळत नाही हेही ताडलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त त्या मेंदूच्या मालकाला.

मला वाटतं, या सगळ्या संशोधनातला हाच भाग झोप उडवणारा आहे. 'मी पाहिलं' असं आपण ज्याला म्हणतो, ते पाहण्याच्या बरंच पुढचं काहीतरी आहे, आणि तिथे नोंद व्हायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. त्या नोंदीच्या वेळी दारात तिष्ठणाऱ्यांत वशिलाही चालतो बरं का! दुसरं लक्ष्य म्हणून स्वतःचं नाव दाखवलं, तर ते सहसा हुकत नाही.

ही अर्ध्या सेकंदाची अडचण कमी करता येते का? लक्ष आणखी एकाग्र करा, हे कोणीही सांगेल. २००५ मध्ये ख्रिस्तियान ऑलिव्हर्स आणि सँडर न्यूवेनहाउस यांना उलटंच आढळलं. काहींना प्रयोग चालू असताना आपल्या सुट्टीचा विचार करायला सांगितलं, काहींना संगीत ऐकवलं. त्यांना दुसरं लक्ष्य अधिक वेळा सापडलं. मन थोडं सैल असलं की पहिल्या लक्ष्यावर त्याची झडप पडत नाही, असं दिसतं. दोन वर्षांनी हेलीन स्लागटर, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीन महिन्यांचं विपश्यना शिबिर करणाऱ्यांची, शिबिराआधी आणि नंतर, हीच परीक्षा घेतली. इगतपुरीमुळे विपश्यना आपल्याला परकी नाही, पण इथे मुद्दा मनःशांतीचा नव्हता. शिबिरानंतर पहिल्या लक्ष्यावर मेंदूचा खर्च कमी झाला होता, आणि ज्यांचा तो जास्त घटला त्यांना दुसरं लक्ष्य जास्त सापडत होतं.

यावरून लगेच रस्त्यावरच्या अपघातांवर भाष्य करायची घाई मात्र नको. रस्त्यावरचा खड्डा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात गायब होऊन त्याच्या जागी दुसरा येत नाही. वस्तू जागेवर थांबतात, म्हणून आपली उघडझाप खपून जाते. प्रयोगातही पहिल्या लक्ष्यामागोमाग पडदा क्षणभर कोरा ठेवला, तर ती बरीच ओसरते.

थोडी माणसं अशीही असतात, ज्यांच्यात ही उघडझाप जवळजवळ नसतेच. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या सँडर मार्टेन्स यांनी २००६ मध्ये अशांचा मागोवा घेतला. नको असलेली अक्षरं बाजूला सारणं त्यांना अधिक चांगलं जमतं, आणि त्यांच्या मेंदूत लक्ष्याची नोंदही लवकर होते. कदाचित तुम्हीही त्यांच्यातले असाल. पण घरबसल्या ते ताडण्याचा उपाय नाही, कारण जे हुकतं त्याची चुटपुट कोणालाच लागत नाही.