खड्याचं पाणी

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पैनगंगेकडच्या भागात दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत सिलिका असलेलं पाणी झिरपलं, थरावर थर बसले आणि अकीक तयार झाला. बाहेरून तो साधी गारगोटीच दिसतो.

मला खडे घासायचा नाद आहे. "पण घासतोस कशानं?" हा नेहमीचा प्रश्न. मोहस मोजपट्टीवर अकीकाचा कठीणपणा साधारण ७, म्हणजे पोलादी सुरीलाही तो दाद देत नाही. म्हणून लागतो सिलिकॉन कार्बाइड, ९ च्याही वरचा. आधी ८० नंबर, मग २२०, ४००, ६००, १२००. प्रत्येक नंबर आधीच्याचे ओरखडे पुसतो. मधला गाळला की ते शेवटपर्यंत राहतात. मग ओल्या कातड्यावर सेरियम ऑक्साइड, की झिलई आलीच! पैलू शोभतात पारदर्शक खड्याला. पट्टेदार अकीकाला घुमटासारखा आकार देतात, त्याला कॅबोशॉन म्हणतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: कोरडं कधीच घासायचं नाही. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. गुजरातेत खंभातच्या कितीतरी अकीक कारागिरांना तो जडलाय. आपला छंद ही त्यांची रोजची भाकरी आहे. चकचकीत अकीक विकत घेताना तो कुणी, कसा घासला, हेही विचारावं.

मोत्याला, खड्याला 'पाणी' असतं म्हणतात. ते हवं तर आधी खडा पाण्यात भिजवा, तोंडाला मास्क लावा.